एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे

एआय एजंट म्हणजे भाषेचे मॉडेल आणि त्याच्या हाताशी दिलेली टूल्स. मॉडेल स्वतः मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. गाड्यांचे वेळापत्रक पाहणे, फाइल बदलणे, ईमेल पाठवणे ही कामे टूल्स, म्हणजे ठरावीक काम करणारे प्रोग्रॅम, करतात. प्रत्येक टूलची ओळख मॉडेलला तीन गोष्टींतून होते: नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि पॅरामीटर, म्हणजे टूलला कोणती माहिती पुरवायची त्याचा आराखडा. कोणते टूल वापरायचे आणि त्यात काय भरायचे हे मॉडेल ठरवते व तशी मागणी ठरलेल्या साच्यात लिहून देते. टूल प्रत्यक्ष चालवतो तो बाहेरचा प्रोग्रॅम. निकालही तोच मॉडेलकडे परत पाठवतो.

ओपनएआय या कंपनीने जून 2023 मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ या नावाने ही सोय प्रोग्रॅमरना दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही टूल्स जोडण्याची खुली पद्धत जाहीर केली. त्यामुळे एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या एजंटला सहज जोडता येऊ लागले. अशा वेळी टूलच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त वर्णन. म्हणूनच वर्णन हा टूलचाच एक भाग आहे, आणि ते कोडइतक्याच काळजीने लिहायला हवे.

समजा, एका टूलचे वर्णन ‘गाड्या शोधते’ एवढेच आहे. माणूस यावरून अंदाज बांधेल. मॉडेलही बांधते, आणि तिथेच चूक होते. स्टेशनचे नाव द्यायचे की कोड? दादरला मध्य रेल्वेचा कोड ‘डीआर’ आणि पश्चिम रेल्वेचा ‘डीडीआर’ आहे. नुसते ‘दादर’ लिहिले तर कोणते धरायचे? ‘03/04/2026’ ही 3 एप्रिल की 4 मार्च? निकालात फक्त वेळा मिळतात की रिकाम्या जागाही?

हेच वर्णन असे लिहिता येईल: ‘दोन स्टेशनांदरम्यान दिलेल्या दिवशी धावणाऱ्या गाड्यांची यादी देते. स्टेशनचा रेल्वे कोड द्यावा. कोड माहीत नसेल तर आधी स्टेशन शोधण्याचे टूल वापरावे. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. निकालात गाडीचा क्रमांक, नाव आणि वेळा मिळतात. रिकाम्या जागा कळत नाहीत आणि तिकीटही काढता येत नाही.’ टूल काय करते, केव्हा वापरावे, काय द्यावे, काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे सगळे सहा वाक्यांत आले. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शिकेतही प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहावीत असा सल्ला आहे.

यातला ‘काय मिळणार नाही’ हा भाग लिहिणारे हमखास विसरतात. सारखी दिसणारी दोन-तीन टूल्स एकत्र असली की निवड चुकते, म्हणून त्यांच्यातला फरक शब्दांत स्पष्ट हवा. फरक सांगताच येत नसेल, तर ती टूल्स एकत्र करणे बरे. मात्र वर्णन विनाकारण लांबवूही नये. टूल्सची वर्णने मॉडेलला संभाषणासोबत वाचावी लागतात आणि ते एका वेळी वाचू शकते त्या मर्यादित मजकुरातली जागा ती घेतात.

पॅरामीटरची नावेही वर्णनच करतात. ‘ग्राहक’ या नावावरून व्यक्तीचे नाव द्यायचे की क्रमांक, हे कळत नाही. ‘ग्राहक क्रमांक’ म्हटले की शंका उरत नाही. ठरावीकच पर्याय चालत असतील तर त्यांची यादी द्यावी. शब्दांनी भागत नसेल तिथे टूलची रचनाच बदलावी. अँथ्रॉपिकच्या कोड लिहिणाऱ्या एजंटने मूळ फोल्डर सोडल्यावर फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुका केल्या होत्या. टूलला नेहमी पूर्ण पत्ताच लागेल असा बदल केल्यावर त्या थांबल्या.

टूलकडून येणारा एररचा संदेशही मॉडेल वाचते. ‘चुकीची माहिती’ एवढ्याने त्याला पुढची दिशा मिळत नाही. ‘तारीख 2026-04-03 अशी लिहावी’ असे सांगितले, तर पुढच्या प्रयत्नात ते दुरुस्ती करू शकते.

डेटा पुसणे, पैसे पाठवणे अशी मागे घेता न येणारी कामे करणाऱ्या टूलच्या वर्णनात तसे ठळकपणे नोंदवावे. तेवढ्यावर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. अशा कामाआधी माणसाची परवानगी घेण्याची सोय प्रोग्रॅममध्येच हवी. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या टूलचे वर्णन जोडण्यापूर्वी स्वतः वाचावे, कारण त्यात लपवलेल्या सूचना मॉडेल आज्ञा म्हणून पाळू शकते. एप्रिल 2025 मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या एआय सुरक्षेवर काम करणाऱ्या कंपनीने या धोक्याकडे लक्ष वेधले.

वर्णन चांगले उतरले की नाही, हे वापरूनच कळते. खऱ्या वापरात येतील तसे प्रश्न एजंटला द्यावेत, त्याने कोणते टूल निवडले आणि त्यात काय भरले ते पाहावे, आणि चूक दिसेल तिथले वाक्य बदलून पुन्हा चाचणी घ्यावी. अँथ्रॉपिकच्या क्लॉड या मॉडेलला वेब शोधाचे टूल दिले, तेव्हा ते शोधशब्दांना गरज नसताना ‘2025’ जोडत होते आणि निकाल बिघडत होते. टूलचे वर्णन सुधारल्यावर ही सवय सुटली.