दोन पानांच्या घडीत हरवलेले भय

एखाद्या जुन्या जपानी भयचित्रकथेच्या इंग्रजी प्रकाशनाचा परवाना अमुक प्रकाशकाला मिळाला, अशी वार्ता आली म्हणजे तिच्या चाहत्यांत जो हर्ष उसळतो तो फार वेळ निर्भेळ राहत नाही. कारण कागद कोणता, आकार केवढा, किती खंड एका पुठ्ठ्यात बांधणार, दोन पानांवर पसरलेली चित्रे सलग दिसणार की नाही, आणि मासिकात रंगीत छापलेली पाने रंगीतच येणार की काळी-पांढरी, अशा प्रश्नांची सरबत्ती लगोलग सुरू होते. मांगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रकथांशी ज्याचा परिचय नाही, त्याला ही सारी छांदिष्टांची चिकित्सा वाटते. एके काळी मलाही तसेच वाटे. आज माझे मत नेमके उलट झाले आहे: भयचित्रकथेच्या बाबतीत कागद आणि बांधणी यांविषयीची तक्रार ही ग्रंथाच्या देहाविषयीची नसून त्याच्या आशयाविषयीचीच तक्रार असते.

नारायण धारपांची भयकथा मी प्रथम वाचली ती वाचनालयाच्या एका जीर्ण प्रतीत. तिची आरंभीची पाने गेली होती, समासात कोणी हिशेब मांडले होते, आणि अक्षरे जागोजाग पुसट झाली होती. तरीही त्या रात्री माजघरातून परसात जाण्याचे धैर्य मला झाले नाही. शब्दांतले भय वाचकाच्या मनात नव्याने उभे राहते, आणि त्या उभारणीला कागदाची प्रत फारशी आड येत नाही. चित्रातल्या भयाचे तसे नाही. ते त्या रेषेत, त्या काळ्या शाईत आणि त्या पानाच्या त्याच कोपऱ्यात वसलेले असते. तिथे ते पुसले गेले, की दुसरीकडे कोठेही त्याची नोंद उरत नाही.

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. डाव्या पानाच्या अखेरच्या चौकटीत कोणी तरी दाराकडे वळून पाहते, चेहऱ्यावर घाम येतो, आणि दारापलीकडे काय आहे हे मात्र दिसत नाही. वाचक पान उलटतो आणि नव्या उजव्या पानावर ते संपूर्ण पान व्यापून उभे असते. हा क्षण साधण्यासाठी चित्रकार पानांचा हिशेब आधीच मांडून ठेवतो. काझुओ उमेझू या तंत्राचे मोठे जाणकार होते. त्यांच्याच नावाने ठेवलेल्या स्पर्धेत १९८७ साली, ते स्वतः परीक्षक असताना, दातांच्या कवळ्या घडविणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञाच्या ‘तोमिए’ या कथेचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. तो तरुण म्हणजे गिफू प्रांतात १९६३ साली जन्मलेले जुंजी इतो. १९९८ ते १९९९ या काळात ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या साप्ताहिकातून त्यांनी ‘उझुमाकी’ लिहिली; एका लहान गावाला वर्तुळाकार आवर्तांनी पछाडल्याची ती कथा. गोगलगायीची पाठ, केसांच्या बटा, चितेचा धूर, कुंभाराच्या चाकावरची माती, जे जे वळते ते ते त्या गावाचा घास घेते. इतो ही वलये बारीक, समांतर, जवळजवळ शल्यक्रियेच्या काटेकोरपणाने ओढलेल्या रेषांनी घडवतात.

आता या रेषांचा प्रवास पाहा. जपानी चित्रकार सामान्यतः मोठ्या कागदावर चित्र काढतो, साप्ताहिकात ते काहीसे लहान होते, आणि पुस्तकरूपात त्याहून लहान होऊन खिशात मावेल इतक्या आकारात उतरते. प्रत्येक टप्प्यावर रेषा एकमेकींच्या जवळ येतात, आणि छपाईत हयगय झाली तर एकमेकींत मिसळून त्यांचा काळा डाग होतो. करड्या छायांसाठी चित्रकार ठिपक्यांची जाळी चिकटवतो. ती जाळी चुकीच्या प्रमाणात लहान केली, की ठिपक्यांच्या ओळी परस्परांना छेदून त्यांतून लाटांसारखी एक नक्षी उमटते, जी चित्रकाराने कधी काढलीच नव्हती. गाढ अंधाराची जागा फिकट राखेने घेतली, किंवा कागद इतका पातळ निघाला की पुढच्या पानावरचे प्रेत या पानावरच्या शांत अंगणात अस्पष्ट दिसू लागले, तर पान उलटण्याआधीच रहस्याचा स्फोट झालेला असतो. भयकथेच्या वाचकाला याहून मोठी फिर्याद ती कोणती असावी?

परवान्याचा व्यवहार आपल्याकडच्या जुन्या मक्त्यासारखाच असतो. मूळ हक्क लेखकाचे आणि त्याच्या जपानी प्रकाशकाचे. परदेशी प्रकाशक अनामत रक्कम भरून ठराविक मुदतीसाठी आपल्या भाषेत छापण्याची सनद घेतो, आणि मुदत संपून करारनामा नव्याने झाला नाही तर पुनर्मुद्रण थांबते. ज्याच्याजवळ सात खंड आहेत त्याला आठवा मिळेनासा होतो. हितोशी इवाआकी यांच्या ‘पॅरासाइट’ या कथेची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. एका तरुणाच्या उजव्या हातात परजीवी प्राणी शिरतो, आणि त्याला ‘मिगी’ हे नाव मिळते, ज्याचा जपानी अर्थच ‘उजवा’. पहिली इंग्रजी आवृत्ती, जी पुढे टोकियोपॉप नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकाशनाने काढली, तिच्यात इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी सारी चित्रे आरशातल्यासारखी उलटी छापली. त्यामुळे उजवा हात डावा झाला आणि मिगीचे नावही बदलून ‘लेफ्टी’ ठेवावे लागले. पुढे परवाना डेल रे या प्रकाशनाकडे गेला, पाने मूळ दिशेने छापली गेली, आणि मिगीला आपले नाव व आपली बाजू परत मिळाली. मुद्रणातल्या एका निर्णयाने पात्राचे नामांतर व्हावे, एवढा या कलेत छपाईचा अधिकार आहे.

अनेक खंड एकत्र बांधून काढलेल्या आवृत्त्यांकडे वाचक आशेने आणि धास्तीने पाहतात, ते याच कारणाने. आशा निराधार नाही. ‘उझुमाकी’चे तिन्ही खंड व्हिझ या अमेरिकी प्रकाशनाने २०१३ साली पुठ्ठ्याच्या एकाच ग्रंथात आणले, आणि त्या ग्रंथाने इतोंना जो नवा वाचक मिळवून दिला तो आज पुण्या-मुंबईच्या दुकानांतही भेटतो. उमेझूंची ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’, जिच्यात एक अख्खी शाळा मुलांसकट उजाड भविष्यकाळात फेकली जाते, ती आधी अकरा खंडांत निघाली होती. २०१९-२०मध्ये तीच तीन भरभक्कम ग्रंथांत, नव्या अनुवादासह आणि मोठ्या आकारात आली. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी उमेझू निवर्तले, तेव्हा त्यांचे हे काम परक्या भाषेत अशा सन्मानाने उभे होते, याचे मला मनापासून समाधान वाटते.

धास्तीचे कारण मात्र माझ्याच कपाटात आहे. काही वर्षांपूर्वी मी एका भयचित्रकथेची मऊ वेष्टनाची एकत्रित आवृत्ती घेतली. मध्यावर दोन पाने व्यापणारे एक चित्र होते: विहिरीतून वर येणारा चेहरा. ग्रंथ इतका जाड आणि बांधणी इतकी ताठ, की पाने पुरती उघडतच नव्हती. चेहऱ्याचे दोन्ही डोळे दिसत, आणि नाक, ओठ व त्या ओठांतून जे बाहेर येत होते ते सारे दोन पानांच्या घडीत गडप झाले होते. मी ग्रंथ जरा जोराने उघडला. कण्यातून कडकड असा आवाज आला आणि वीस-बावीस पाने हातात आली.

आमच्या भागातल्या एका वृद्ध बाइंडरकडे तो नेला. त्यांनी कणा उजेडात धरला, वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा नखाने सोलला आणि म्हणाले, “साहेब, ह्यात फॉर्मच नाहीत. सगळ्या घड्या कापून नुसती सुटी पाने चिकटवली आहेत. सुई घालायची कुठे?” सोळा पानांचा फॉर्म दुमडून त्याच्या घडीतून दोरा ओवला, की पुस्तक सपाट उघडते आणि पिढ्यान् पिढ्या टिकते, हे त्यांनी शेजारची एक जुनी पोथीवजा प्रत उघडून मला दाखविले.

“मग काहीच उपाय नाही का, मामा?”

“बाजूने भोके पाडून शिवीन की. पण अर्धा इंच आत जाईल.”

त्यांनी विहिरीचे चित्र उघडून, शिवण कोठवर येईल ते अंगठ्याने दाबून दाखविले. त्या अंगठ्याखाली डावा डोळाही झाकला गेला. मी सुटी पाने क्रमाने लावून घेतली, ग्रंथाला सुतळी बांधून घेतली आणि तो तसाच घरी घेऊन आलो.