टाके निघाल्यानंतरची शाळा

डोक्याला जबर मार लागलेलं मूल घरी येतं, टाके निघतात, चालणं-बोलणं पूर्ववत होतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सतराचा पाढा घडाघडा म्हणून दाखवला की शाळाही निश्चिंत होते. पण तो पाढा अपघाताआधीच पाठ झालेला असतो. आधी शिकलेलं बहुधा टिकतं; अडतं ते नवं शिकताना.

फळ्यावरचं उतरवून घेण्याचंच बघा. वर बघायचं, चार शब्द मनात धरायचे, मान खाली घालून लिहायचे, पुन्हा वर बघून नेमकी जागा शोधायची. पंख्याची खडखड, शेजारच्यांची कुजबुज, तिकडे लक्ष जाऊ द्यायचं नाही. धक्क्याने मेंदूचे भाग जोडणारे सूक्ष्म तंतू ताणले गेले असतील, तर यातलं प्रत्येक काम हळू होतं. सीटी स्कॅनमध्ये ही इजा दिसेलच असं नाही. बाई फळा पुसतात तेव्हा हे मूल दुसऱ्याच ओळीवर असतं. मधल्या सुट्टीनंतर तर ते पार थकून जातं. वहीवर शेरा पडतो, 'लक्ष नाही.'

किरकोळ टेंगूळ आलेली बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात. गंभीर इजेचं तसं नाही. लहान मेंदू लवकर भरून येतो या समजाला 1930च्या दशकात मार्गारेट केनार्ड यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी बळ दिलं. मेंदूभर पसरलेल्या इजेत मात्र अनेकदा उलटं दिसतं, कारण वय जितकं कमी, तितकं शिकायचं बाकी जास्त. नियोजन आणि संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग तर विशी निम्मी सरेपर्यंत घडत असतो. म्हणून बालवाडीत झालेल्या इजेचा परिणाम कधी पाचवी-सहावीत, विषय वाढल्यावर, उघडा पडतो. तोवर अपघात कुणाच्या ध्यानीमनीही नसतो आणि मूल आळशी ठरतं. हा मला त्या मुलावरचा मोठा अन्याय वाटतो.

अमेरिकेने 1990 मध्ये शिक्षणाच्या कायद्यात अशा मुलांसाठी स्वतंत्र प्रवर्ग केला. आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अपघाती मेंदूइजेचं वेगळं नाव नाही. पण कायद्यात नाव येईपर्यंत थांबायचं कारण नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी आणि शाळा बदलली तर दाखल्याबरोबर पुढे पाठवावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरुवातीला अर्धाच दिवस शाळा, फळ्यावरच्या मजकुराची झेरॉक्स आणि घटक चाचणीला जादा वेळ, एवढं मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर याच सत्रात सुरू होऊ शकतं.