मोहाचें तेल आणि त्वचा

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत मोहाच्या बियांचें तेल स्वयंपाकाप्रमाणेंच अंगास लावण्याचीहि जुनी रीत आहे. पावसाळ्याच्या तोंडीं मोहाचीं फळें पिकतात. बियांतील गर सुकवून तेल काढतात. थंडींत तें तुपासारखें थिजतें, कारण त्यांत पामिटिक व स्टिअरिक हीं घट्ट होणारीं आम्लें पुष्कळ असतात. त्याचा पातळ थर बसला म्हणजे त्वचेंतील ओलावा उडून जात नाहीं आणि टांचांच्या भेगा मऊ पडतात.

परंतु मऊपणा म्हणजे रोगनिवारण नव्हे. खरूज कातडींत बिळें करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळें होते. तेथें तेलावर विसंबून दिवस दवडले, तर सारें घर खाजवूं लागतें. कोरड्या कातडीस तेल लावावें; खरजेस मात्र घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं डॉक्टरांचें औषध घ्यावें.