वाचाघात आणि शब्दस्मरण-उपचार : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना : पक्षाघात अथवा डोक्यास झालेली गंभीर इजा यांमुळे मेंदूतील भाषाकेंद्रांना धक्का पोहोचून जो विकार जडतो, त्यास 'वाचाघात' म्हणतात. अशा व्यक्तीस वस्तू ओळखता येते, तिचा उपयोगही बहुधा ठाऊक असतो. मात्र नाव आठवत नाही. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्याचे वर्णन केले, तो रुग्ण केवळ 'तान' एवढेच उच्चारू शके. तथापि इतरांचे बोलणे त्यास बरेचसे समजत असे. शब्द हरपणे म्हणजे बुद्धी हरपणे नव्हे, हे या विवेचनाचे गृहीतक होय.

उपचारपद्धती : कॉलिन्स व लॉफ्टस यांच्या १९७५ च्या प्रतिमानानुसार एक संकल्पना चेतवली गेली की तिच्याशी निगडित संकल्पनाही चेतवल्या जातात. 'अर्थगुण-विश्लेषण' ही पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. बॉयल व कोएल्हो यांनी १९९५ मध्ये वाचाघातावर तिचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीत चित्र दाखवून वर्ग, उपयोग, क्रिया, गुणधर्म, स्थान व साहचर्य या सहा अंगांनी प्रश्न विचारतात. उदाहरणार्थ, 'अडकित्ता' आठवत नसल्यास : हे हत्यार आहे, सुपारी कातरण्यासाठी वापरतात, दोन दांडे दाबावे लागतात, ते धातूचे असते, पानाच्या डब्यात ठेवतात, त्यावरून आजोबांची आठवण होते. या वाटांनी रुग्ण शब्दापर्यंत पोहोचतो आणि पुढे हीच युक्ती स्वतः योजू शकतो.

मर्यादा : ब्रिटनमधील २७८ व्यक्तींच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. प्रत्येकाने स्वतःच्या जीवनातील १०० शब्द निवडले होते. सहा महिन्यांच्या संगणकीय सरावाने त्या शब्दांचे स्मरण लक्षणीय सुधारले. संभाषणात मात्र तशी सुधारणा आढळली नाही.

समारोप : सारांश, शब्द परत मिळणे आणि संवाद परत मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून सरावाचे शब्द रुग्णाच्या घरातून व व्यवसायातून निवडावेत आणि ते प्रत्यक्ष बोलण्यात योजण्याची संधी त्यास द्यावी. वाणी हेच ज्यांचे साधन, त्या अध्यापकांस हे विशेषत्वाने उमजावे. वाचाघात झालेल्या सहकाऱ्याचे वाक्य घाईने पूर्ण न करता थांबणे, हे उपचारास पूरक असे आपल्या हातातील साहाय्य आहे.