पेला वेगळा का ठेवावा?

अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथे रोचेस्टर हे शहर आहे. हिवाळ्यात तळी गोठून त्यावरून माणसे चालतात, अशी तिथली थंडी! या शहरात मेयो क्लिनिक हे मोठे रुग्णालय आहे. जगभरातून रोगी तिथे येतात.

याच शहरात परदेशांतून आलेली पुष्कळ माणसे राहतात. कोणी पोट भरायला आले, कोणी जीव वाचवायला. सोमालिया देशात १९९१ पासून यादवी माजली. घरेदारे टाकून लोक पळाले. सुदानमधून, कंबोडियातूनही असेच निर्वासित आले. नव्या देशाची भाषा शिकायला ही मंडळी हॉथॉर्न नावाच्या प्रौढ शिक्षण केंद्रात जात. तुम्ही पाटी-पुस्तक घेऊन बसता ना, तशीच तीही बसत.

२००४ साली हे केंद्र, मेयोचे डॉक्टर आणि या लोकांतली जाणती माणसे एकत्र आली. आरोग्याचा अभ्यास करायचा, पण सर्वांनी मिळून, असे ठरले. एरवी काय होते? शहाणा माणूस येतो, प्रश्न विचारतो, कागद भरतो आणि जातो. पुढे त्या कागदाचे काय झाले, हे सांगणाऱ्याला कधी कळत नाही. इथे तसे नाही. कशाचा अभ्यास करायचा, कोणी कोणाला काय विचारायचे, मिळालेल्या उत्तरांचे काय करायचे, हे ठरवताना त्या त्या समाजातली माणसे बरोबरीने बसतात.

पहिला विषय निघाला क्षयाचा, म्हणजे टी.बी.चा. तपासणी होती, औषध होते. मग अडले कुठे? शिकणाऱ्यांना गटागटाने बसवून बोलते केले. तेव्हा कळले, की हा रोग कसा पसरतो याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. आणि त्याहून मोठी होती ती भीती. रोग उघड झाला तर आपली माणसे आपल्याला दूर करतील!

हे काही आम्हांला परके वाटले नाही. आमच्या शाळेत एका शिक्षकांना क्षय झाला होता. आम्ही त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. पूर्ण औषध घेऊन ते बरे झाले, कामावर आले. पेला मात्र वेगळाच राहिला. तो उचला असे आम्ही हेडमास्तर असून कोणाला सांगितले नाही. मद्रासला १९५९ सालीच प्रयोगाने दिसले होते, की घरी राहून औषध घेणारा रोगी इस्पितळातल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना जास्त लागण होत नाही. पण हे आम्हांला कुठं ठाऊक होतं?

क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. रोगी खोकला, शिंकला की तो हवेत येतो. भांड्यांतून, हात मिळवल्याने तो लागत नाही. दुसरी गोष्ट नीट ध्यानात घ्या. जंतू अंगात शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. बहुतेकांच्या अंगात तो झोपून राहतो. अशा माणसाला खोकला नसतो, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण शंभरांतल्या पाच ते दहा जणांत तो पुढे कधीतरी जागा होतो. म्हणून आधीच गोळ्या घ्यायच्या. आता धडधाकट माणसाला, तेही परक्या भाषेत, 'तुझ्या अंगात क्षयाचा जंतू आहे' असे सांगा बरे! तो घाबरेल नाही तर रागावेल.

म्हणून त्या मंडळींनी लोकांच्या बोलण्यावरून एक छोटा बोलपट तयार केला आणि तो वर्गातच दाखवला. तपासणीही शाळेतच ठेवली. हातावर बारीक सुई टोचायची, दोन-तीन दिवसांनी तिथे सूज किती आली ते मोजायचे. ज्या बाकावर अक्षरे गिरवायची, तिथेच हे काम होई. दवाखान्याची पायरी चढायचा धाक उरला नाही.

पुढे मधुमेहाचे काम निघाले. त्यात सोमाली आणि स्पॅनिश बोलणाऱ्या रोग्यांनी आपापली हकिगत आपल्याच भाषेत सांगितली, आणि तिचे बोलपट केले. स्पॅनिश बोलणाऱ्या रोग्यांवर त्याची रीतसर परीक्षा झाली. ज्यांनी ते पाहिले त्यांची साखर, न पाहिलेल्यांपेक्षा थोडी अधिक उतरली. फार नाही, थोडीच. पण नुसत्या गोष्टीने एवढे व्हावे हे आम्हांला थोडे वाटत नाही.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा ही जुनी ओळख उपयोगी पडली. प्रत्येक समाजातली विश्वासाची माणसे आपल्या भाषेत साथीची माहिती घरोघर कळवू लागली. लोकांच्या शंका आणि अडचणीही तीच माणसे परत अधिकाऱ्यांपर्यंत पोचवीत, आणि त्या ऐकून पुढचा निरोप लिहिला जाई.