बटणे कोणती ठेवावीत?

श्रोतेहो, आमची शाळा थोडी, हत्यारांची ओळख अधिक. म्हणून संकेतस्थळावर मजकूर लिहिण्याची चौकट पाहिली, तेव्हा आम्हांला पहिला प्रश्न सुचला तो हा : कोणते हत्यार कोणाच्या हाती द्यावयाचे?

ड्रुपल ही संकेतस्थळे चालविणारी प्रणाली. २०१५ साली आलेल्या तिच्या आठव्या आवृत्तीपासून तीत सीकेएडिटर हा संपादक अंगभूत आहे. व्यवस्थापक त्याची बटणे ओढून पट्टीवर ठेवतो वा काढतो. कोणत्या भूमिकेच्या माणसाला कोणता साचा मिळावा, हेही तोच ठरवितो.

आमचे मत असे, की रंगाचे बटण जोडू नये. शीर्षकाचे मात्र जरूर ठेवावे. ठळक अक्षर डोळ्यांपुरते असते. शीर्षकाची खूण केली, तर स्क्रीन रीडरवर ऐकणारा अंध सभासद लांबलचक करारातून नेमका पगारवाढीच्या कलमाशी पोहोचतो.

परंतु बटण काढले म्हणजे दार बंद झाले, असे नव्हे. मान्य खुणांची यादी लावली, तरच चिकटविलेल्या मजकुरातील घातक आज्ञा गाळल्या जातात. ती यादी लिहिणाऱ्यांना विचारून करावी. नियम ज्यांच्यावर चालावयाचा, त्यांचा शब्द त्यात हवाच. कारखान्यात काय, येथे काय!