दख्खनच्या शिवारातला चंडोल

पुणे, नगर, सोलापूर या भागांतील जिराईत शिवारात, जेथे ज्वारी-बाजरीची राने संपून कुसळी गवताचा माळ सुरू होतो, तेथे चिमणीएवढा, मातकट तांबूस वर्णाचा एक पक्षी जमिनीवर चरताना पुष्कळदा आढळतो. मात्र मस्तकावरचा टोकदार ताठ तुरा नजरेत भरेपर्यंत तो भोवतालच्या ढेकळांतून वेगळा ओळखूही येत नाही. हा दख्खनचा चंडोल. मुंबई सरकारच्या कामगिरीवर या मुलखाची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भारताबाहेर त्याचे वास्तव्य नाही.

पाठीवर काळपट रेघोट्या, तांबूस उदर आणि छातीवर मोजक्याच बारीक रेषा, असे त्याचे रूप असून नर-मादी दिसावयास सारखेच असतात. सह्याद्रीकडे व कोकणात दिसणारा चंडोल याहून थोराड व गडद असतो.

परंतु या पक्ष्याची खरी थोरवी त्याच्या कंठात आहे. विणीच्या हंगामात नर पंख फडफडवीत आकाशात उंच चढतो आणि तेथे घिरट्या घालीत जे गातो, त्यात त्याच्या स्वतःच्या सुरांबरोबर टिटवी, कोतवाल अशा शेजारच्या पाखरांचे आवाजही इतके हुबेहूब उमटतात, की ऐकणाऱ्याने भोवताली त्या पाखरांचाच शोध घ्यावा! अनुकरणाची ही सिद्धी आपल्या पक्ष्यांत फार थोड्यांना लाभली आहे.

गवताचे बी, धान्याचे दाणे, भुंगेरे आणि इतर कीटक हा त्याचा आहार. पिलांचे पोषण मुख्यत्वे कीटकांवर होते. घरटेही जमिनीवरच, ढेकळाच्या किंवा गवताच्या चुडाच्या आडोशाला, लहानशा खळग्यात असते, आणि त्यात दोन-तीन अंडी असतात. म्हणून विणीच्या दिवसांत बांधावरचे गवत पेटविले वा माळ सरसकट नांगरला, तर एका दिवसात त्याचा संसार नष्ट होतो.

महसुलाच्या दप्तरात ज्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’ असा शेरा पडतो, ती उघडी, खडकाळ, विरळ गवताची जमीन या पक्ष्याला सर्वाधिक मानवते. तिला निरुपयोगी समजून तेथे दाट वृक्षलागवड करणे हे, हेतू कितीही स्तुत्य असला तरी, चंडोलाला बेघर करणे आहे. ज्यांच्या शिवारात असा तुकडा शिल्लक असेल त्यांनी तो तसाच राहू द्यावा, आणि निदान विणीचा हंगाम सरेपर्यंत बांधावरच्या गवताला काडी लावू नये.